हृदयाचा अहवाल नॉर्मल, मग बत्तिसाव्या वर्षी लकवा कशामुळे?

पत्र : महोदय, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना माझ्या धाकट्या भावाच्या (वय ३२, मिहानमधील एका कंपनीत नोकरी) उजव्या हातातून ब्रश गळून पडला आणि त्याची बोबडी वळली. आदल्या दिवशी तो उन्हात फिरला होता, म्हणून ऊन लागले असावे असे समजून आम्ही त्याला पन्हे पाजले आणि कूलरसमोर झोपवले. दुपारी तो उजवा पाय ओढत चालू लागला, तेव्हा दवाखान्यात नेले. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडल्याचे दिसले. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, मानेचे डॉपलर, ईसीजी, चोवीस तासांचे होल्टर (अंगावर यंत्र लावून घेतलेली ठोक्यांची नोंद), सगळे ठीक निघाले. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालात ‘ईएफ ६० टक्के, गुठळी नाही, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ असे आहे आणि सुटीच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ असे लिहिले आहे. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. तो आता बराच सावरला आहे, फक्त उजव्या बोटांना पूर्वीचा वेग नाही. कधीमधी खर्रा खातो, दुसरे व्यसन नाही. हृदय चांगले असेल तर लकव्याचा हा झटका कशामुळे आला? ‘ग्रेड १’ म्हणजे हृदय कमजोर होऊ लागले का? नात्यातील एक जण ‘रक्त पातळ करणारी मोठी गोळी’ सुरू करा म्हणतात, ती घ्यावी का? मी ३६ वर्षांची आहे, मीही सगळ्या तपासण्या कराव्यात का? आणि त्याने मोटारसायकल चालवावी का? – एक बहीण, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, ज्या दोन शब्दांनी तुमच्या घराची झोप उडवली आहे, त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. ‘कारण अज्ञात’ याचा अर्थ ‘कारण नाही’ असा होत नाही, आणि ‘डॉक्टरांनी नीट शोधले नाही’ असाही होत नाही. गुठळी अडकून मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, की त्यामागची नेहमीची कारणे एकेक करून तपासली जातात. त्यांपैकी एकही हाती लागले नाही, तर तो झटका या खान्यात जातो. पन्नाशीच्या आतील रुग्णांमध्ये असे झटके एक तृतीयांशाच्या आसपास भरतात, म्हणजे तुमचा भाऊ काही विरळा अपवाद नाही. शिवाय हे निदान त्या दिवसापर्यंत झालेल्या तपासण्यांपुरते असते. पुढे कारण सापडले तर ते बदलते, आणि ते बदलावे यासाठी अजून काही जागा शोधायच्या राहिल्या आहेत, असे तुमचे पत्र वाचून मला वाटते.

पहिली गोष्ट एमआरआयची. मेंदूतील डाग किती मोठा आहे, तो मेंदूच्या सालीजवळ आहे की खोलवर, एकच आहे की विखुरलेले अनेक आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा, कारण कारणाचा माग इथूनच लागतो. खोलवरचा लहानसा डाग मेंदूतीलच एखादी बारीक धमनी बंद पडल्याचे सुचवतो. सालीपर्यंत पोहोचलेला डाग मात्र बहुतेकदा गुठळी दुसरीकडून वाहत आल्याची खूण असते. गुठळी वाहत आलेली दिसते पण ती कोठून आली ते सापडत नाही, अशा झटक्यांचा स्वतंत्र गट मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१४ मध्ये आखून दिला. ‘दुसरीकडून’ म्हणजे हृदयातून, महाधमनीतून, मानेच्या धमन्यांतून, किंवा पुढे सांगतो त्या आडवाटेने थेट पायातील शिरांतूनही.

आता हृदयाकडे येतो. ईएफ हा आकडा एवढेच सांगतो की डावी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, आत भरलेल्या रक्तापैकी किती हिस्सा एका ठोक्यात पुढे ढकलते. साधारण ५५ ते ७० टक्के हे निरोगी प्रमाण आहे. भावाचे ६० आहे, म्हणजे रक्त ढकलण्याचे काम उत्तम चालले आहे. पण छतावरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप कितीही जोमाने चालत असला, तरी टाकीच्या ज्या कोपऱ्यातले पाणी हलत नाही तिथे शेवाळ धरतेच. रक्ताचेही तसेच आहे, ते जिथे रेंगाळते तिथे गोठते. हृदयातील असा कोपरा म्हणजे डाव्या कर्णिकेला, अर्थात वरच्या डाव्या कप्प्याला, चिकटलेली बोटाएवढी पिशवी. छातीवरून केलेल्या साध्या इकोत ती नीट दिसत नाही. ती पाहायची तर अन्ननलिकेतून नळी उतरवून इको करावी लागते. म्हणून अहवालातील ‘गुठळी नाही’ हे शब्द ‘साध्या इकोत जेवढे दिसते तेवढ्यात गुठळी दिसली नाही’ असे वाचावेत. आणि जी गुठळी सुटून मेंदूत गेली, ती तशीही हृदयात सापडणार नाही. थोडक्यात, तुमच्या भावाच्या इकोने ‘पंपात जोर आहे का’ या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ‘गुठळी कोठे धरली असेल’ हा प्रश्न तिला अजून पुरता विचारलेलाच नाही.

‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ या शब्दांनी घाबरून जाऊ नका, पण ते विसरूनही जाऊ नका. ठोका देऊन झाल्यावर जवनिकेने सैल होऊन पुढचे रक्त आत घ्यायचे असते; हे सैलावणे किंचित मंद झाले, की अहवालात हे शब्द येतात. साठीनंतरच्या व्यक्तीच्या अहवालात ते इतक्या वेळा दिसतात की त्यावर कोणी थांबतही नाही. बत्तिसाव्या वर्षी मात्र थांबावे. पुष्कळदा हे निदान रक्त आत येतानाच्या दोन लहरींच्या प्रमाणावरून घाईत लिहिले जाते, आणि नाडी जलद असेल किंवा शरीरातले पाणी कमी झाले असेल तर ते प्रमाण फसवे निघू शकते. एप्रिलअखेरच्या नागपुरी उन्हातून आलेला, घाबरलेला, कदाचित पाणी कमी पडलेला रुग्ण हे त्या फसगतीचे नमुनेदार उदाहरण ठरेल. म्हणून आता तो सावरलेला असताना इको पुन्हा करून घ्या, आणि करणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना डाव्या कर्णिकेचे आकारमान आणि तिचे ताणले जाणे, ज्याला ते ‘एलए स्ट्रेन’ म्हणतात, हेही मोजायची विनंती करा. दुसऱ्या इकोतही ग्रेड १ कायम राहिला, तर सर्वांत आधी रक्तदाबाकडे पाहावे. दवाखान्यात मोजलेला रक्तदाब ठीक आणि घरचा, कामाच्या ठिकाणचा किंवा झोपेतला चढा, असे तरुणांत होत असते. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहा, आणि त्याला मोठ्याने घोरण्याची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

कर्णिकेकडे एवढे लक्ष का, तर त्यामागे अलीकडचे संशोधन आहे. हेलसिंकीतून चालवलेल्या ‘सिक्रेटो’ या युरोपीय अभ्यासात १८ ते ४९ वयोगटातील, कारण न सापडलेला झटका आलेल्या रुग्णांची त्यांच्याच वयाच्या निरोगी व्यक्तींशी तुलना करण्यात आली, आणि इकोच्या बारीक मोजमापांत हृदयाच्या डाव्या कप्प्यांच्या कामात सूक्ष्म फरक आढळले. हे फरक साध्या अहवालात ‘नॉर्मल’ याच शब्दाखाली झाकले जातील इतके लहान आहेत. मात्र ते दोन गटांच्या सरासरीतले फरक आहेत. त्यावरून एखाद्या एकट्या माणसाला ‘तुमच्या कर्णिकेमुळेच झटका आला’ असे सांगता येत नाही.

याच ठिकाणी तुमच्या नातेवाइकांच्या ‘मोठ्या गोळी’चा प्रश्न येतो, आणि त्याला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. त्यांची कल्पना तर्काला सोडून नाही, हेही सांगतो. गुठळी वाहत आली असेल तर रक्त गोठू न देणारे जोरकस औषध ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरेल, असे मोठमोठ्या तज्ज्ञांनाही वाटत होते. म्हणूनच ते प्रत्यक्ष तपासले गेले: २०१८ मध्ये रिव्हारॉक्सॅबॅनचे आणि २०१९ मध्ये डॅबिगॅट्रॅनचे निष्कर्ष आले, आणि दोन्ही औषधे पुन्हा झटका येणे टाळण्यात ॲस्पिरिनपेक्षा सरस ठरली नाहीत, रिव्हारॉक्सॅबॅनने तर गंभीर रक्तस्राव वाढला. पुढे कर्णिकेत बिघाडाच्या खुणा असलेले रुग्ण निवडून ॲपिक्सॅबॅन देऊन पाहिले; २०२४ मध्ये त्याचाही निष्कर्ष तसाच आला. तेव्हा कारण हाती नसताना, अंदाजाने, दुकानातून आणून ही गोळी सुरू करू नका. चालू असलेले ॲस्पिरिन मात्र ‘आता बरे आहे’ म्हणून बंद करू नका. माझ्या पाहण्यात औषध जास्त झाल्याने बिघडलेल्या रुग्णांपेक्षा ते परस्पर सोडल्याने बिघडलेले रुग्ण अधिक आहेत.

दोन परिस्थितींत मात्र हे उत्तर उलटे होते. पहिली म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ज्यात कर्णिका नीट आकुंचन न पावता नुसती थरथरते आणि त्या पिशवीतले रक्त साचते. दुसरी आपल्या देशात अजूनही संपलेली नाही: लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून आलेल्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली मिट्रल झडप. तिच्याबरोबर एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर नव्या गोळ्या न देता वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल हे जुने औषध आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारी चाचणी) तपासत द्यावे लागते. रिव्हारॉक्सॅबॅन तिथे मागे पडले, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. भावाच्या इकोत झडपांबद्दल काही वावगे नसावे, अन्यथा ते अहवालात आले असते; तरीही लहानपणी त्याला असा ताप आला होता का, हे आईला एकदा विचारा.

एट्रियल फिब्रिलेशन चोवीस तासांच्या होल्टरमध्ये सापडेलच असे नाही, कारण ते येऊन-जाऊन असते. चाळिशीपुढच्या, कारण न सापडलेल्या रुग्णांच्या छातीत त्वचेखाली लहान नोंदयंत्र बसवून वर्षभर पाळत ठेवली, तेव्हा सुमारे १२ टक्क्यांमध्ये ते सापडले. नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांत २ टक्क्यांमध्ये. बत्तिसाव्या वर्षी ही शक्यता बरीच कमी असते, म्हणून ते महागडे यंत्र लगेच बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. एक-दोन आठवडे चिकटवून ठेवायच्या पट्टीने नोंद घेता आली तर पुष्कळ झाले. अर्थात छातीत अचानक धडधड होऊन ती आपोआप थांबण्याचे प्रसंग त्याने अनुभवले असतील, तर हे उत्तर बदलेल.

त्याच्या वयाला मी आधी शोधीन ती मघाशी म्हटलेली आडवाट. आईच्या पोटात असताना बाळाची फुप्फुसे काम करत नसतात, म्हणून हृदयाच्या दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्यात रक्तासाठी एक झडपेसारखी फट असते. जन्मानंतर ती मिटते. सुमारे चारांतील एका माणसात ती पुरती मिटत नाही. तिलाच पीएफओ म्हणतात. बहुतेकांना तिचा जन्मभर पत्ताही लागत नाही. पण पायाच्या शिरेत धरलेली एखादी लहान गुठळी, जी एरवी फुप्फुसात जाऊन विरली असती, ती खोकताना किंवा जोर लावताना या फटीतून डाव्या बाजूला आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. हाताच्या शिरेतून बुडबुडे मिसळलेले सलाईन देऊन इको केली, की फट आहे का ते कळते. चाचणी साधी आहे आणि भावाची झालेली दिसत नाही. झटक्याच्या आधी लांबचा बसप्रवास झाला होता का, पोटरी दुखत किंवा सुजली होती का, याची आठवणही करून ठेवा.

फट सापडली तर लगेच ‘चोर सापडला’ असे मात्र मानू नका, कारण चारांतील एकाकडे ती असतेच. वय, इतर धोके, फटीचा आकार आणि पडद्याची हालचाल पाहून ती खरोखर दोषी आहे का, हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवायचे असते. दोषी ठरली तर जांघेतील शिरेतून नळी नेऊन छत्रीसारख्या उपकरणाने ती बंद करता येते. २०१७ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी या उपचाराची बाजू भक्कम केली. सहा चाचण्यांची आकडेवारी एकत्र पाहिली, तर नुसत्या औषधांवर वर्षाला शंभरात साधारण एकाला पुन्हा झटका आला, आणि फट बंद केलेल्यांत त्याच्या निम्म्याहून कमी जणांना. या आकड्यात दिलासाही आहे: औषधे चालू ठेवली तरी दर वर्षी शंभरातले नव्याण्णव जण सुखरूप राहिले.

हृदयाबाहेरच्याही काही गोष्टी राहिल्या आहेत. मानेच्या डॉपलरमध्ये पुढच्या धमन्यांचा मधला भाग चांगला दिसतो, पण मणक्यांतून वर जाणाऱ्या मागच्या धमन्या आणि कवटीजवळचा भाग नीट दिसत नाही. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडून झटका येणे हे तरुणांमधील एक प्रमुख कारण आहे, आणि त्यासाठी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते. ‘झटक्याच्या आठ-पंधरा दिवस आधी केस कापताना सलूनमध्ये मान मोडून घेतली होती का?’ हा प्रश्न मी माझ्या प्रत्येक तरुण रुग्णाला विचारतो, आणि तो ऐकून रुग्ण हसतो. घेतली असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. नसेल तरी यापुढे मान कोणाच्या हाती देऊ नये.

आपण विदर्भात राहतो, म्हणून सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची) तपासणी यादीत हवीच. आपल्याकडे हा आजार काहींमध्ये सौम्य रूपात राहतो आणि मोठेपणापर्यंत ओळखला जात नाही. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी करतात आणि ती सकारात्मक आली, तरच इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण हे ठरवतात. झटक्याचा धोका रुग्णाला असतो, निव्वळ वाहकाला सहसा नाही. घरी शाकाहार असेल तर बी-१२ आणि होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) पाहून घ्या. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची चाचणी एकदा सकारात्मक आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. पहिल्याच अहवालावर काही ठरवू नका.

आणि खर्रा. तुम्ही ‘कधीमधी’ लिहिले आहे. आपल्या शहरात बहिणीला माहीत असलेले ‘कधीमधी’ आणि पानठेल्यावरचे खाते यांत बरेच अंतर असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. धूर नाही म्हणून खर्रा निरुपद्रवी ठरत नाही. चुन्यासह घोटलेल्या तंबाखूतले निकोटिन गालातूनच रक्तात उतरते, नाडी आणि रक्तदाब चढवते. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्या पैसे खर्चून कराव्या लागतील, खर्रा मात्र आज फुकट सोडता येईल.

यातील बहुतेक तपासण्यांसाठी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात जाता येईल, कारण हृदयरोग आणि मेंदूविकार हे दोन्ही विभाग तिथे एकाच आवारात आहेत. खाजगीत जायचे असल्यास महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. एमआरआयची सीडी, फक्त कागदी अहवाल नव्हे, सोबत ठेवा.

तुमच्या स्वतःच्या तपासण्यांबद्दल म्हणाल, तर तक्रार नसताना इको आणि एमआरआय करण्याची गरज नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल पाहा. भावाला सिकलसेल निघाल्यास तुम्हीही ती चाचणी करा. डोळ्यांपुढे नागमोडी चकाकी येऊन नंतर अर्धे डोके दुखत असेल आणि तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण या दोन गोष्टी एकत्र असणे चांगले नाही.

त्या सकाळबद्दल तुम्ही स्वतःला दोष देत असाल, असे पत्राच्या सुरावरून वाटते. नागपूरच्या एप्रिलमध्ये बत्तीस वर्षांच्या मुलाकडे पाहून कोणाच्याही मनात आधी ऊनच येईल. पण उन्हाने माणूस सगळाच गळतो. एकाच बाजूचा हात गळणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, अचानक तोल जाणे किंवा दिसेनासे होणे हे मेंदूचेच लक्षण समजावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तेव्हा पुन्हा असे काही झाले तर १०८ ला फोन करा, लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. पन्हे, पाणी, गोळी, काहीही तोंडातून देऊ नका: गिळणे बिघडलेले असू शकते, आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर घाईने दिलेले जादा ॲस्पिरिन घातक ठरेल.

राहिली मोटारसायकल. तिचा ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक दोन्ही उजव्या हातात असतात, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली, आणि तुमच्या भावाची नेमकी तीच बाजू मंदावली आहे. फिजिओथेरपिस्टने बोटांची पकड आणि पायाचा वेग तपासून, आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी दृष्टी व लक्ष पाहून होकार देईपर्यंत त्याने ती चालवू नये. छत्रपती चौकापर्यंत ऑटोने गेला, तर तिथून वर्धा मार्गाने खापरीपर्यंत मेट्रो आहे.